आठ हजारांच्या आतली टायरजोडी: डॉमिनार ४००, दोन माणसं आणि कुंभार्ली घाट

माझी ३१ वर्षं एसटीच्या टायर विभागात गेली. डेपो बदलत राहिले, काम तेच. टायर उतरवायचा, तपासायचा, रिमोल्डला (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायला) पाठवायचा, आला की चढवायचा आणि कुठल्या टायरनं किती किलोमीटर दिले ते रजिस्टरला मांडायचं. त्यामुळं टायर म्हटला की माझ्या डोक्यात सगळ्यात आधी हिशेब येतो तो किलोमीटरमागे किती पैसे पडले याचा. निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नाही, आणि तिनंच मला एकदा घाटात आडवं करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. ती कळल्याशिवाय आत्ताची जोडी का घेतली ते कळायचं नाही.

गाडी पोराची, २०१९ ची बजाजची मोटरसायकल, डॉमिनार ४००. नात झाली तेव्हा त्यानं पुण्यात चारचाकी घेतली आणि ही आमच्या कराडच्या दारात आणून लावली. "बाबा, विकू नका, चालवत राहा," एवढंच म्हणाला. चालवत राहिलो. पाटण, चिपळूण, गुहागर, पंढरपूर, एकदा गोकर्ण. मागं सौभाग्यवती, दोन्ही बाजूला बॅगा. मी ७८ किलो, ती ६६ (हा आकडा तिला विचारून लिहिलेला नाही), सामान वीसेक किलो आणि गाडी स्वतः १८५ च्या आसपास. म्हणजे साडेतीनशे किलो रस्त्यावर चालतात ते तळहाताएवढ्या रबराच्या दोन तुकड्यांवर.

२०२२ च्या नोव्हेंबरात, १८,४०० किलोमीटरला, मागचा मूळ टायर गोटा झाला. मूळ जोडी रेडियल होती. दुकानात गेलो आणि डेपोतल्या सवयीनं विचारलं, सगळ्यात जास्त चालणारा कुठला? दुकानदारानं एक काढून दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण टायरमध्ये खोट नव्हती. मी विचारलं ते त्यानं दिलं. साधा बायस बांधणीचा, ३,६०० रुपयांचा, आणि रबर इतकं कडक की अंगठ्याचं नख रुतेना. मला आनंदच झाला. बसला कडक रबर म्हणजे रजिस्टरात मोठा आकडा.

बायस आणि रेडियल हा फरक मी डेपोत पोरांना शिकवलेला आहे. बायसमध्ये आतल्या दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून जातात. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली वेगळा पट्टा असतो. रेडियलची कूस, म्हणजे टायरची बाजू, लवचीक असते, रस्त्याला टेकणारा भाग मात्र स्थिर राहतो, आणि लांबच्या पल्ल्याला तो कमी तापतो. एका ॲक्सलवर दोन जातीचे टायर चढवायचे नाहीत, हे मी दुसऱ्यांना ओरडून सांगायचो. मोटरसायकलला पुढं रेडियल, मागं बायस अशी जोडी लावू नये हेही ठाऊक होतं. पण दोन चाकांचे ॲक्सल वेगळे आहेत ना, अशी मीच माझी समजूत घातली. शिकलेला माणूस स्वतःला फसवायला निघाला की त्याला कारणंही चांगली सापडतात.

दीड वर्ष काही झालं नाही. सरळ हायवेला गाडी जरा डुलायची, विशेषतः ट्रकच्या वाऱ्यात, पण बॅगांमुळं असेल म्हणून सोडून दिलं.

जुलै २०२४. कोयनानगरला चहा घेतला, हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली उतरायला लागलो. ज्यानं पावसात हा घाट बघितलाय त्याला सांगायला नको. वरून पाणी, बाजूच्या दरडीतून वाहून आलेली लाल माती, तिच्यावर पानं आणि समोरून वर येणारे ट्रक. एका डाव्या वळणावर गिअर खाली घेतला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. वीतभर. फार तर दीड वीत. परत रेषेत आलं, आम्ही पडलो नाही, पण पाठीवर घाम फुटलेला पावसातही कळला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही, पानं होती."

ती चिपळूणपर्यंत बोलली नाही. स्टँडसमोर चहा पिताना म्हणाली, "पानं पुढच्या चाकाखाली नव्हती का?"

परतीला ती एसटीनं आली. स्टँडवर उभी राहिली, कराडची गाडी लागली, खिडकी पकडून बसली. मी त्या बसच्या मागून भिजत घाट चढलो. मागच्या चाकांकडं बघायची जुनी सवय आहेच. चार टायर, जोडीजोडीनं. एकाला काही झालं तर शेजारी भाऊ उभा. म्हणून तर तिथं रिमोल्ड चालतो. पुढच्या दोन चाकांना आम्ही रिमोल्ड लावत नव्हतो, तिथं नवाच टायर. त्या चढावर माझ्या डोक्यात आलं की आपण मोटरसायकलच्या मागच्या चाकाला बसचं मागचं चाक समजून बसलोय. मोटरसायकलची दोन्ही चाकं पुढचीच.

एवढं कळूनसुद्धा मी तो टायर आणखी दहा महिने वापरला. नक्षी शिल्लक होती ना! नक्षी असलेला टायर काढणं माझ्या हातून होईना. पावसाळाभर बायको गाडीवर बसली नाही, मी एकट्यानं कराडातच फिरवली, दिवाळीनंतर कोरड्या रस्त्यावर सगळं परत झकास वाटायला लागलं. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात नक्षीची खोली मोजायचं गेज लावलं. मागचा ३.४ मिलिमीटर शिल्लक. पुढचा मूळचाच, सहा वर्षांचा, ३२,६०० किलोमीटर झालेला, नक्षी बरी पण खाचांच्या तळाला बारीक चिरा. बसचा असता तर मीच लाल खडूनं फुली मारली असती. तेव्हा घसरण्याचा सगळा दोष मी मागच्या टायरवर टाकत नाही. कडक मागचा, म्हातारा पुढचा, दोघांची जात वेगळी आणि वर बसलेला शहाणा.

ठरवलं ते असं. दोन्ही टायर एकदम बदलायचे, दोन्ही रेडियल, ओल्यात धरणारं रबर, आणि जोडीचे आठ हजारांच्या वर एक रुपया नाही. पेन्शन बघून आकडा ठरलेला होता.

डॉमिनारवाल्याचं एक नशीब चांगलं आहे. पुढचा ११०/७० आर १७ आणि मागचा १५०/६० आर १७ (पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचे इंच) हे माप केटीएमच्या ड्यूक ३९० ला पण लागतो. दोन्ही गाड्या चाकणच्या. त्यामुळं या मापात बाजारात माल भरपूर. मिशेलिन, पिरेली, मेट्झेलर यांच्या जोड्या माझ्या बजेटच्या दुप्पट आणि त्यावर, त्यांच्याकडं काचेतून बघितलं आणि पुढं गेलो. ज्यांना ताशी दीडशेनं कोपरे मारायचेत त्यांनी त्या घ्याव्यात. माझ्या टप्प्यात देशी कंपन्या राहिल्या: एमआरएफ, सीएट, टीव्हीएसचा युरोग्रिप आणि अपोलो. एमआरएफचा कारखाना गोव्यात फोंड्याजवळ उसगावला, सीएटचा नागपूरजवळ बुटीबोरीला, म्हणून आधी शेजारधर्म आठवला. पण शेवटी ज्या दिवशी दुकानात जे मापात, ताज्या तारखेचं आणि बजेटात असेल ते घ्यायचं, असा सरळ विचार केला.

पोराच्या मित्रानं फोनवर सल्ला दिला की मागं १६०चा टाका, काका, गाडी भारी दिसते. दिसते, खरं आहे. पण रिम तीच राहते आणि त्याच रिमवर रुंद टायर कोंबला की त्याचा गोलावा बदलतो, चेनच्या बाजूची जागा कमी होते आणि गाडी वळताना जड पडते. कंपनीनं दिलेलं माप सोडू नका, एवढं सांगून हा विषय संपवतो.

पहिलं दुकान हायवेचं, मोठं, काचेचं. नाव लिहीत नाही. पोरानं मागचा रेडियल टायर आणून ठेवला, ४,२०० रुपये म्हणाला. स्वस्त. काळाभोर, चकचकीत. टायर इतका चमकला की मला शंका येते, नवं रबर मॅट दिसतं. बोट फिरवलं तर पॉलिश हाताला लागलं. मग कुशीवरचा तारखेचा आकडा शोधला. अंडाकार चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. याच्यावर ३१२१. म्हणजे २०२१ चा एकतिसावा आठवडा, पावणेचार वर्षांचा माल.

"हा जुना आहे रे."

"नवाच हाय की काका, कव्हर आत्ता काढलं."

"तारीख बघ."

त्यानं बघितली. "टायरला काय एक्स्पायरी असते व्हय? औषध हाय का ते?"

उत्तर तसं सोपं नाही. सावलीत, गार गोदामात नीट ठेवलेला टायर चार वर्षांत सडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तो कुठं होता, उन्हात होता का, एकावर एक रचून दाबला होता का, हे पॉलिशखाली कसं कळणार? शिवाय रबर पडून पडूनही कडक होत जातं, आणि मी कडक रबरापासूनच तर पळत होतो. चार वर्षांच्या टायरला चार वर्षांचा भाव लाव म्हटलं. तो हसला. मी निघालो.

ऑनलाइन तीनशे रुपये कमी दिसत होते. तिथं तारीख विचारायची सोय दिसली नाही, आणि बाहेरून आणलेला टायर बसवायला दुकानदार जास्त पैसे घेतो. ते सोडलं. दुचाकीचे रिमोल्ड टायर पण मिळतात, निम्म्या भावात. ज्या माणसाच्या हाताखालून हजारो रिमोल्ड गेले तो सांगतोय: मोटरसायकलला लावू नका. वर दोन पुढच्या चाकांचं म्हणालो ते परत वाचा.

शेवटी ओगलेवाडीच्या रस्त्याला एक दुकान सापडलं. शटर एक, मालक एक, पोरगा एक, पण टायर चढवायचं आणि बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचा तोल साधायचं, मशीन दोन्ही. त्याच्याकडं अपोलोचा अल्फा एच१ दोन्ही मापात होता. पुढचा ३,०००, मागचा ४,९००. तारीख मी विचारायच्या आधीच त्यानं बोट ठेवून दाखवली, दोन्हींवर ०९२५. अडीच महिन्यांचा माल. मी तिथंच निम्मा विकत घेतला होता.

उरलेला निम्मा कुशीवर वाचला. पुढच्यावर ५४एच, मागच्यावर ६६एच. ५४ म्हणजे त्या टायरनं २१२ किलोपर्यंत वजन पेलायचं, ६६ म्हणजे ३०० किलो. आमच्या साडेतीनशेतला मोठा वाटा मागं जातो, तरी तीनशेच्या बराच आत. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. माझी गाडी ९५ च्या पुढं जात नाही, मागून चिमटा बसतो. पण हा अक्षराचा आकडा वेगापुरता बघू नका, वेग सोसायचा म्हणजे उष्णता सोसायची, आणि मे महिन्यात भरल्या गाडीनं विजापूरच्या बाजूला गेलात तर ती उष्णता साठच्या वेगालाही भेटते. आयएसआयचा शिक्का दोन्हींवर होता. फिरण्याच्या दिशेचा बाणही बघून ठेवला, कारण चढवताना तो उलटा बसवलेली गाडी मी स्वतः बघितलेली आहे. मग नख लावून बघितलं. रुतलं.

नक्षीबद्दल सांगायचं तर दिसायला काही खास नाही. लांब तिरप्या खाचा, मधला भाग बऱ्यापैकी भरीव. डोंगरात जाणाऱ्या टायरसारखे ठोकळे नाहीत. आजकाल रस्त्यावरच्या गाडीला ठोकळ्यांचे टायर लावायची टूम निघालीय. लावा, पण आपण डांबरावर किती आणि मातीत किती चालतो ते प्रामाणिकपणे मोजा. मी मोजलं. शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबर आणि सिमेंट, पाच शेताचा रस्ता.

बसवायचं काम बघायला मी स्टूल घेऊन बसलो, पोरगा जरा घाबरला. पण काम चोख. जुने टायर काढले, रिमचा काठ ब्रशनं साफ केला, दोन्ही व्हॉल्व्ह नवे टाकले. व्हॉल्व्ह मी सांगायच्या आधी टाकले, हे लिहून ठेवतो. साठ रुपयांचा रबरी व्हॉल्व्ह वाचवायचा आणि पाच हजारांचा टायर त्याच्या भरवशावर सोडायचा, हे धंदे मी पाहिलेत. काठाला साबणाचं पाणी लावलं, टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला, हवा भरली. दोन ठोके आले, ठप्प, ठप्प, काठ बसला. मग बॅलन्सिंग. पुढच्याला दहा ग्रॅम शिसं लागलं, मागच्याला वीस. बसवणं ३००, बॅलन्सिंग २००, व्हॉल्व्ह १२०. सगळं मिळून ८,५२० रुपये, पक्कं बिल.

पैसे देताना मालक म्हणाला, "काका, दोनशे किलोमीटर दमानं घ्या हां." नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पुरती येत नाही. हे मला माहीत होतं, पण दुकानदारानं स्वतःहून सांगितलं म्हणून त्याला आणखी एक मार्क.

ही तारीख १७ मे. माझा बेत होता की जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत पाटणच्या दोन-तीन चकरा मारून टायर मोकळे करायचे. आणि २०२५ साली पावसानं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. २५ मेला मान्सून कोकणात हजर! माझे दोनशे किलोमीटर कसेबसे झाले होते.

पहिली गोष्ट जाणवली ती पावसात नाही, कोरड्यात. गाडीचं डुलणं बंद झालं. दीड वर्ष मी ज्याला बॅगा म्हणत होतो ते बॅगा नव्हत्या. पुढचं चाक खड्ड्यातून गेल्यावर हँडलला जो ठोका यायचा तो पण निम्म्यावर आला. त्यातला किती वाटा नव्या टायरचा आणि किती जुना टायर गेल्याचा, हे मला वेगळं काढता येत नाही.

घाटाची परीक्षा जुलैत घेतली. एकट्यानं. तोच घाट, तोच उतार, मुद्दाम जोराच्या पावसात. त्या डाव्या वळणाच्या आधी माझे खांदे आपोआप ताठ झाले, गिअर खाली घेतला, आणि काही झालं नाही. एवढंच. वर्णन करण्यासारखं काही घडत नाही हेच चांगल्या टायरचं वर्णन. खाली पोफळीच्या आसपास सरळ रस्ता मिळाला तिथं मागं-पुढं कोणी नाही बघून साठवरून जोरात ब्रेक दाबून बघितला. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) कुरकुर पायाला लागली पण उशिरा, आणि गाडी सरळ उभी राहिली. पोरं म्हणतात एबीएस आहे ना, टायरचं काय घेऊन बसलात. एबीएस ब्रेक धरतं आणि सोडतं. रस्ता धरायचं काम रबराचंच.

ऑगस्टमध्ये सौ. परत मागं बसली. गुहागरला गेलो, उकडीचे मोदक खाल्ले, आलो. घाट चढून वर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "आज पानं नव्हती वाटतं." पानं होती.

कुठं कमी पडतो तेही सांगतो. हा रस्त्याचा टायर आहे, खडीत आणि चिखलात याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. सातारा ते कागल हायवेचं सहापदरीकरण चाललंय, तिथल्या वळवलेल्या रस्त्यांवर सुटी खडी पसरलेली असते, तिथं पुढचं चाक जरा भरकटतं. कुठल्याही रस्त्याच्या टायरचं तेच होणार. शेताच्या वाटेवर काळ्या मातीत तर मी गाडी नेतच नाही, बांधावर लावतो आणि चालत जातो. ज्यांचं फिरणं गडाच्या पायथ्यापर्यंतच्या कच्च्या रस्त्यांवर आहे त्यांनी दुसरी नक्षी बघावी.

डिसेंबरात हंपी केलं. बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट. जाताना निपाणीच्या पुढं मागच्या टायरनं अडीच इंची खिळा घेतला. ट्यूबलेसचं सुख तिथं कळतं. हवा हळूहळू उतरत होती, फसकन गेली नाही, पाच किलोमीटर सावकाश चालवत पंक्चरवाल्यापर्यंत पोचलो. त्यानं भोकात रबरी दोरी मारली, शंभर रुपये घेतले, थुंकी लावून बुडबुडा बघितला आणि म्हणाला, "बिनघोर जावा." बिनघोर गेलो. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घेतला. दोरी ही वाटेतली सोय, तिच्यावर वर्ष काढायचं नसतं.

हवेचा एक वैताग. दोन पंपांची गेज कधी जुळत नाहीत. एकाच सकाळी, एकाच टायरला, दोन किलोमीटरच्या अंतरात चार पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक) फरक आला. बसच्या शंभराच्या वरच्या हवेत चार म्हणजे काहीच नाही, इथं तिशीच्या आतबाहेर ते खूप होतात. ४५० रुपयांचं स्वतःचं गेज घेतलं. सकाळी चाक गार असताना मोजतो, कंपनीच्या पुस्तिकेत एकट्याला आणि दोघांना जी वेगवेगळी हवा दिलीय ती पाळतो. डेपोत आमचे ड्रायव्हर टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकून आवाजावरून हवा सांगायचे, ठण्ण आला तर बरी, बद्द आला तर कमी. मोटरसायकलला हे करू नका. शेजाऱ्यानं करून बघितलं.

आता झीज. जानेवारी २०२६ अखेर या जोडीचे ९,४०० किलोमीटर झाले. मागचा नवा होता तेव्हा मधोमध ६.२ मिलिमीटर मोजला होता, आता ३.० आहे. पुढचा अजून तरुण. मागचा मधे जास्त आणि कडांना कमी झिजलाय, पण त्यात टायरपेक्षा माझा हात आहे. हायवेला सरळ, दोन माणसं, सामान, आणि वयोमानानुसार गाडी फार न झुकवणं. खाचेतली झिजेची खूण येईपर्यंत आणखी सहा हजार निघतील असं धरतो. म्हणजे मागचा साधारण साडेपंधरा हजारांना जाणार.

आता रजिस्टर. मागच्या टायरचे ४,९०० भागिले १५,५००, किलोमीटरला साधारण ३२ पैसे. तो जुना कडक टायर मी काढला नसता तर २२,००० गेला असता. ३,६०० भागिले २२,०००, सोळा पैसे. म्हणजे डेपोतल्या हिशेबानं नवा टायर दुप्पट महाग, आणि मी असला टायर मंजूर केला असता तर वरून मेमो आला असता. पण हाच फरक मी एका ट्रिपला लावून बघितला. कराड ते गुहागर जाऊन-येऊन २८० किलोमीटर धरा. जास्तीचे होतात बेचाळीस-त्रेचाळीस रुपये. कोयनानगरला दोघांचा चहा आणि एक प्लेट वडा.

जीएसटीबद्दल मात्र माझा जीव अजून जळतो. मी घेतला तेव्हा टायरवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. माझ्या ७,९०० च्या जोडीला हिशेब केला तर सहाशे सतरा रुपये. चार महिने थांबलो असतो तर वाचले असते, पण मग पावसाळा जुन्या टायरवर काढावा लागला असता, आणि बायकोचा एसटीचा खर्च वेगळा. तुम्ही आता घ्यायला गेलात तर दुकानदाराला बिलावर १८ टक्के दाखवायला सांगा.

तो ३.४ मिलिमीटरवाला टायर भंगारात घालायचा माझा धीर झाला नाही. परसात पडून होता. सौ.नं त्यात माती भरून गवती चहा लावलाय, चांगला फोफावलाय.

गेल्या आठवड्यात ओगलेवाडीच्या दुकानात सहज डोकावलो. पावसाच्या आधी मागचा एकटा बदलावा लागेल, पुढचा आणखी एक वर्ष जाईल. हाच टायर परत घेणार, त्याच जातीचा, म्हणजे जोडी मोडणार नाही. मालक म्हणाला एप्रिलमध्ये नवा माल येतोय. आला की आधी तारखेचा फोटो पाठव, मग येतो, असं सांगून आलोय.